कोण ओरडलं?

रोसारिओ शहरात त्या वर्षी तुम्ही कुणाला 'कोण ओरडलं?' असं विचारलं असतं, तर त्यानं उत्तर दिलं नसतं. ठेका धरला असता. तो प्रश्न राहिलाच नव्हता, त्याचं गाणं झालं होतं. रविवारी स्टेडियममध्ये पंचाची शिट्टी चुकली की हजारो लोक ढोलावर तेच दोन शब्द म्हणायचे. टी-शर्टवर तेच, मोबाइलवरच्या विनोदी चित्रांत तेच. एक उमेदवार त्या दोन शब्दांवर मतं मागत फिरला, आणि त्याच्या विरोधकानंही लाज न बाळगता तेच आपल्या फलकावर रंगवले. अर्जेंटिनाची माणसं दुःख फार दिवस घरात कोंडून ठेवत नाहीत. त्याला चाल लावतात आणि रस्त्यावर आणतात.

हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो सिल्व्हिना बासाननं, आपल्या स्वयंपाकघरात, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून. सिल्व्हिना ताज्या पास्त्याच्या दुकानात काम करायची. साठी जवळ आलेली, अंगानं बारीक, बोलायला तिखट. दर गुरुवारी संध्याकाळी ती थेट प्रक्षेपण सुरू करायची आणि मेलेल्या मुलाबद्दल बोलायची. सुरुवातीला शेजारपाजारचे ऐकायचे. पुढे शहर ऐकू लागलं आणि मग देश.

त्या प्रक्षेपणात आणखी एक आवाज असायचा. 'सिल्वी, पाणी निवतंय,' असं म्हणणारा, जरा बसका, खोकल्याची किनार असलेला. ती तिता. खालच्या मजल्यावरची शेजारीण, लग्न न झालेली, शिवणकाम करणारी. ती कॅमेऱ्यासमोर कधी आली नाही. मागे बसून माते ओतायची. माते म्हणजे तिथला कडू पाल्याचा चहा. भोपळ्याच्या वाटीत पाला, त्यात गरम पाणी आणि धातूची एकच नळी. एकानं ओतायचं आणि सगळ्यांनी त्याच वाटीतून आळीपाळीनं प्यायचं. तिची एक रीत आहे. रिकामी वाटी परत करताना 'ग्रासियास', म्हणजे धन्यवाद, असं म्हणायचं नाही. म्हटलं की त्याचा अर्थ, पुरे, आता मला देऊ नकोस. पाहुणे चुकतात आणि तहानलेले राहतात. सिल्व्हिना आणि तिता तीस वर्षं एका वाटीतून पीत होत्या, आणि त्यांच्यात तो शब्द कधी आला नव्हता.

सीरो गेला त्या दिवशी महिन्याची एकोणतीस तारीख होती. एकोणतीसला सारा देश न्योकी खातो; बटाट्याचे ते मऊ गोळे, ताटाखाली नशिबासाठी एखादी नोट सरकवून. पास्त्याच्या दुकानात त्या दिवशी मान वर करायला फुरसत नसते. म्हणून वीजदरवाढीविरुद्धच्या मोर्च्याला सिल्व्हिना गेली नाही. एकोणीस वर्षांचा सीरो गेला, गळ्यात ढोल अडकवून. त्याच्याबरोबर तिता गेली, हातात पातेलं आणि लाकडी चमचा घेऊन. तिथं निषेध असाच होतो, पातेली बडवून.

मोर्चा जुन्या रेल्वेपुलाखालच्या बोगद्यात शिरला तेव्हा कुणीतरी ओरडलं, 'पळा, गोळ्या घालतायत!' गोळ्या कुणीच घालत नव्हतं. पण बोगद्यात लोक एकमेकांच्या अंगावर पडले, आणि त्यांच्याखाली चार माणसं गुदमरून मेली. सीरो त्यांतला एक.

मग देशाचे दोन तुकडे झाले, म्हणजे होतेच, त्यांना नवं निमित्त मिळालं. अर्धे म्हणाले, सरकारचा साध्या वेशातला माणूस ओरडला. उरलेले अर्धे म्हणाले, विरोधकांनीच प्रेतं हवीत म्हणून माणूस पेरला. दोन्ही बाजूंनी रात्रंदिवस चित्रफिती थांबवून, मोठ्या करून, लाल वर्तुळं काढून सुतावरून स्वर्ग गाठला. एकदा एम्पानादा, म्हणजे खिमा भरलेल्या करंज्या, विकणाऱ्या ओस्वाल्दो नावाच्या माणसाचा आवाज जुळतो असं कुणीतरी पसरवलं. सिल्व्हिनानंही एका गुरुवारी त्याचं नाव घेतलं. आठवड्याच्या आत त्याच्या दुकानाच्या काचा फुटल्या, मुलीला शाळा सोडावी लागली आणि तो गाव सोडून गेला. तो त्या दिवशी मोर्च्यात नव्हताच, हे नंतर कळलं. ते फार थोड्या लोकांनी पाहिलं. बातमी पिकते तशी दुरुस्ती पिकत नाही.

असं सहा वर्षं चाललं, आणि मग चाळणी आली.

विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत बनलेल्या त्या यंत्राला लोक चाळणीच म्हणायचे. गर्दीच्या आवाजातून एकेक माणूस वेगळा काढणारं यंत्र. त्यामागचा विचार साधा होता. आवाज सेकंदाला सुमारे तीनशे चाळीस मीटर चालतो. म्हणजे बोगद्याच्या तोंडाशी कुणी शिंकलं तर जवळच्या मोबाइलमध्ये ते आधी नोंदलं जातं आणि दुसऱ्या टोकाच्या मोबाइलमध्ये किंचित उशिरा. एकाच मोबाइलमध्ये ऐकलं तर गर्दी म्हणजे नुसती खिचडी. पण शेकडो मोबाइलमधलं तेच क्षणभराचं ध्वनिमुद्रण शेजारी शेजारी ठेवलं, तर त्या उशिरांवरून कुठला आवाज कुठल्या जागेवरून निघाला ते मोजता येतं. त्यात प्रत्येकाचा घसा, टाळू, नाकाची पोकळी निराळी. त्यामुळे आवाजाची घडण निराळी. जागा आणि घडण या दोन्हींनी चाळलं की खिचडीतून डाळ वेगळी, तांदूळ वेगळा.

अडचण एकच होती. मोबाइलची घड्याळं सहस्रांश सेकंदापर्यंत कधीच जुळत नाहीत, आणि तेवढी जुळल्याशिवाय हे गणित सुटत नाही. आइलेन फेर्रेइरा नावाच्या तरुण शास्त्रज्ञ बाईंनी ती गाठ सोडवली, आणि सोडवली ती पातेल्यांनी. पातेल्यावर चमचा आपटला की टाचणीसारखा टोकदार नाद उठतो, आणि प्रत्येक पातेल्याचा नाद वेगळा. असे हजारो ठोके प्रत्येक मुद्रणात होते. त्या ठोक्यांना खुणा मानून आइलेननं सगळी घड्याळं एका रेषेत आणली. सत्तेला ऐकू जावं म्हणून लोकांनी पातेली बडवली होती; ती शेवटी एका यंत्राच्या कामी आली.

बाकी होती ती मुद्रणं. ती गोळा केली सिल्व्हिनानं. 'तुमच्या खणात पडलेला जुना मोबाइल काढा,' असं ती दर गुरुवारी सांगायची, 'त्यात माझा मुलगा असेल.' लोकांनी खरंच काढले. कुणी फुटलेल्या काचेचे, कुणी मेलेल्या आजोबांचे मोबाइल प्रयोगशाळेत पोचवले. देण्याची अट अशी की ते गाठोडं प्रयोगशाळेबाहेर जाणार नाही.

चाळणीचं काम पुरं झालं तेव्हा न्यायालयानं नव्या नियमाप्रमाणे सिल्व्हिनाला बोलावलं. नियम असा, की वेगळा काढलेला आवाज आधी मृताच्या जवळच्या माणसानं ऐकायचा. मग त्यानं ठरवायचं. एक तर आवाज जगासमोर ठेवायचा, 'हा कुणाचा, ओळखा' म्हणून. नाही तर कायमचा पुसायचा, आणि पुन्हा कुणीही तो काढायचा नाही. घरी प्रत न्यायची मुभा नाही, कारण पूर्वी एका कुटुंबानं ती वाहिनीला विकली होती. चार कुटुंबांपैकी तिघांनी तो हक्क आपण होऊन सिल्व्हिनाला दिला. तुझा प्रश्न, तूच ऐक, म्हणाले.

प्रयोगशाळेतली खोली लहान होती. आइलेननं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि पडद्यावर बोगद्याचा नकाशा दाखवला. नकाशावर ठिपके होते. एक ठिपका म्हणजे एक आवाज, असं तिनं समजावलं. मग तिनं कळ दाबली.

आधी फटाक्यांची माळ. लागोपाठ घोडेस्वार पोलिसांच्या घोड्यांच्या टापा, फरशीवर. आणि मग एकट्या, स्वच्छ आवाजात, जणू ती बाई याच खोलीत बसली आहे:

'पळा, गोळ्या घालतायत!'

बसका आवाज. खोकल्याची किनार. सिल्व्हिनाला दुसऱ्यांदा ऐकावं लागलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं होतं. सहा वर्षं ती अख्ख्या देशाला विचारत होती आणि उत्तर दर गुरुवारी तिच्यासाठी पाणी गरम करत होतं.

तिनं आइलेनकडे पाहिलं. आइलेन टेबलावरच्या कपाकडे बघत होती. तिनंही ओळखलं होतं हे उघड होतं. कोण ओळखणार नाही? देशातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात तो आवाज गेलेला होता.

"मी दर गुरुवारी बघते, सेन्योरा," आइलेन हळूच म्हणाली. "पण माझं काम आवाज वेगळा करण्याचं. नाव देण्याचं नाही."

मग तिनं सांगितलं की अजून एक आवाज आहे, आणि तो ऐकायचा की नाही हे सेन्योरांनी ठरवावं. पडद्यावर ओरडण्यानंतरचे ठिपके सरकू लागले. सगळे एकाच दिशेला, बोगद्याच्या तोंडाकडे. एकच ठिपका उलटा चालला होता. सगळ्यांच्या अंगावरून, आत.

सिल्व्हिना ऐकवा म्हणाली.

"तिता! तिता, कुठे आहेस? तिता!"

सीरोचाच आवाज. धापा टाकणारा, तितामधला 'ती' ओढणारा, लहानपणापासून तसाच. सहा वर्षांत तिनं त्याचे जुने निरोप इतक्यांदा ऐकले होते की ते झिजून गेले होते. हा नवा होता. हा त्याचा शेवटचा होता, आणि त्यात आई नव्हती. सिल्व्हिनाला पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं, मत्सर होता, आणि त्याची तिला तिथल्या तिथं लाज वाटली. मग ती रडली. आइलेननं पुन्हा ऐकवलं, नियमात जितक्यांदा बसत होतं तितक्यांदा.

निघताना तिनं विचारलं, फक्त मुलाचा आवाज ठेवता येणार नाही का? आइलेन म्हणाली, दोन्ही एकाच धाग्यात आहेत. आणि त्यात ते नाव आहे. तो खुला केला की पहिला आवाज कुणाचा हे सांगायला यंत्र लागणार नाही.

बसमध्ये सिल्व्हिना खिडकीला डोकं टेकवून बसली. खुला केला, तर सीरोचा आवाज तिला हवा तेव्हा ऐकता येईल, मरेपर्यंत. पुसला, तर तो दुसऱ्यांदा जाईल, आणि या वेळी तिच्या हातानं. एवढंच होतं. न्याय वगैरे शब्द तिला त्या बसमध्ये आठवले नाहीत. तिला ओस्वाल्दोची फुटलेली काच आठवली. ती काच फोडणारी माणसं वाईट नव्हती. तिच्यासाठी रडणारीच होती.

गुरुवारी तिनं मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवला. आकडा पाहता पाहता फुगला. कधी नव्हे इतके लोक आले. पडद्यावर हृदयं, झेंडे, मेणबत्त्या वाहू लागल्या. कोण ओरडलं, कोण ओरडलं, खाली एकच घोष. तिता नेहमीच्या जागी, कॅमेऱ्यामागे, किटली घेऊन बसली होती. तिनं त्या संध्याकाळी तोंडातून शब्द काढला नव्हता.

सिल्व्हिना म्हणाली की तिनं ऐकलं. ते माणूस कुणाचं पाठवलेलं नव्हतं, ना सरकारचं ना विरोधकांचं. ते घाबरलेलं माणूस होतं. आवाज ती पुसायला सांगणार आहे.

क्षणभर हृदयं थांबली. मग जे सुरू झालं ते वाचण्यासारखं नव्हतं. 'किती मिळाले?' 'आम्ही मोबाइल दिले, तू आम्हाला विकलंस.' 'बाईंना गप्प केलं, हे मी आधीच सांगितलं होतं.' आणि कुणीतरी, कदाचित एखाद्या चांगल्या माणसानंच, विचारलं, 'मातेवाली आज गप्प का आहे?'

सिल्व्हिनानं प्रक्षेपण बंद केलं आणि मोबाइल उलटा टाकला.

स्वयंपाकघरात किटलीचा आवाज तेवढा राहिला. तितानं माते भरली, तिच्यापुढे धरली. सिल्व्हिनानं घेतली, प्यायली. मग तिता बोलली.

"त्या डिसेंबरात मी पंचवीस वर्षांची होते. दुकानं फुटत होती, आणि घोडे आले, आणि मग गोळ्या. माझ्या बाजूची मुलगी पडली. मला तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं. बोगद्यात फटाके वाजले, टापा ऐकल्या, आणि सिल्वी, माझ्याआधी माझं तोंड ओरडलं."

शतकाच्या सुरुवातीचा, देशाचं दिवाळं निघालं तो डिसेंबर त्या पिढीतल्या कुणालाच उलगडून सांगावा लागत नाही. सिल्व्हिनाही तेव्हा दार लावून घरात बसली होती.

"सहा वर्षं तू इथं बसलीस," सिल्व्हिना म्हणाली. "माझ्यासमोर."

"तू सगळ्या देशाला विचारलंस. मला एकदाही नाही विचारलंस. मी दर गुरुवारी वाट बघायचे. विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

हे खरं होतं आणि अन्यायाचंही होतं. त्या दिवशी तिताबरोबर तिचा मुलगा होता, आणि तरी सिल्व्हिनानं तिला काय ऐकलंस, काय पाहिलंस हे कधी धड विचारलं नाही. का नाही विचारलं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. किंवा सांगता आलं असतं. ज्याच्या त्याच्या घरी जाऊन विचारणारी ती, खालच्या मजल्यावर उतरताना दर वेळी दुसरंच काही बोलायची.

ठिपक्याचं ती बोलली नाही. सीरो उलटा का धावला, कुणाला हाका मारत धावला, हे तिता जाणत नव्हती. लोंढ्यानं तिला तेव्हाच बाहेर फेकलं होतं, आणि सीरो पुढे गेला असेल असं समजून ती त्याला चौकात शोधत राहिली होती. हे सांगितलं तर तिता उरणार नाही, एवढं सिल्व्हिनाला कळत होतं. आणि सांगावं, तिनंही भोगावं, असंही तिला वाटत होतं, अगदी जिभेच्या टोकापर्यंत.

तिनं रिकामी वाटी परत केली.

"ग्रासियास," ती म्हणाली.

तितानं वाटी घेतली. किटली उचलली, पाल्याचा डबा उचलला, आणि खाली गेली.

न्यायालयात आवाज पुसला गेला तेव्हा सिल्व्हिना हजर होती. त्याला काहीच वेळ लागला नाही. आइलेननं विचारलं, शेवटचं ऐकायचं आहे का? सिल्व्हिना नको म्हणाली, आणि बाहेर पायऱ्यांवर बसून आपण हो का म्हटलं नाही म्हणून स्वतःला शिव्या देत राहिली.

लोकांनी तिला फार दिवस छळलं नाही. लोकांना तेवढा वेळ नसतो. पहिल्या रविवारी स्टेडियममध्ये तिचाच ठेका नव्या शब्दांनी वाजला, 'कोण विकलं गेलं?' भिंतींवरचे सीरोचे चेहरे कुणीतरी पांढऱ्या रंगानं झाकले. मातेवालीबद्दलही चार दिवस कुजबुज झाली, पण पुरावा पुसलेला होता, आणि तितक्यात एका गायकाच्या घटस्फोटानं देशाचे नव्यानं दोन तुकडे पडले. सहा वर्षं सिल्व्हिनाचं दुःख लाखो माणसांनी उचललं होतं. आता ते सगळं तिच्या एकटीच्या स्वयंपाकघरात परत आलं, आणि ते किती जड आहे हे तिला पहिल्यांदा कळलं.

दोघी जिन्यात भेटायच्या. तिता भिंतीला चिकटून वाट द्यायची. सिल्व्हिना मान हलवायची. तिता वाळत चालली होती. शिवणयंत्राचा आवाज येईनासा झाला होता. असे महिने गेले.

सिल्व्हिनाला छळत होतं ते वेगळंच. सीरोची ती हाक तिच्या कानातून निसटू लागली होती. धाप आधी की नाव आधी? 'ती' किती ओढलेला होता? तिनं ती हाक मनात इतकी घोटली की ती त्याची न राहता तिचीच झाली. एके दिवशी दुकानात पीठ मळताना तिनं ती आठवायचा प्रयत्न केला आणि काहीच ऐकू आलं नाही. ती तशीच पीठ लागलेल्या हातांनी घरी आली, आणि वर न जाता खालच्या मजल्यावर थांबली.

तितानं दार उघडलं. आत जाऊन तिनं किटली ठेवली, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचलं नाही. भोपळ्याची वाटी भरून तिनं टेबलावर ठेवली. हातात द्यायचं धाडस तिला झालं नाही.

सिल्व्हिना खुर्चीवर बसली.

"सीरो तुला कसा हाका मारायचा?" तिनं विचारलं. "म्हणून दाखव."

तितानं मान खाली घातली. मग स्वतःचंच नाव घेतलं, त्या पोराच्या तऱ्हेनं, सुरुवातीचं अक्षर ओढून, शेवट तोडून. जिन्यातून भूक लागली म्हणून ओरडत यायचा तसं.

"तसं नाही," सिल्व्हिना म्हणाली. "जोरात. तो धावत होता. तुला शोधायला आत धावत होता."

तिताला कळलं. सांगायचं काही उरलं नव्हतं. मग तिनं टेबलाची कड धरली, आणि रडतच, बसक्या, खोकल्याच्या आवाजात, धापा टाकत हाक मारली. पुन्हा मारली. पुन्हा. कुठल्याही यंत्रात नसलेला तो आवाज त्या खोलीत होता, अगदी तसाच नव्हे, पण होता. सिल्व्हिना डोळे मिटून ऐकत होती.

मग तिनं वाटी उचलून कडू पाणी शेवटच्या घोटापर्यंत प्यायलं, रिकामी वाटी तिताच्या हातात दिली, आणि काहीच म्हणाली नाही. तितानं ती पुन्हा भरली.